मॅक्युलाचा आजार आणि नजरेची तपासणी : कोणती चाचणी कशासाठी

वसई किल्ल्याजवळच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात वयस्कर माणसांच्या डोळ्यांच्या तक्रारी बहुधा ‘नंबर वाढला’ किंवा ‘मोतीबिंदू आला’ या दोन निदानांपाशी येऊन थांबतात. नंबर बदलला जातो, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही होते. आणि त्यानंतरही जाळे सांधताना सूत सापडत नाही, वजनकाट्यावरील आकडा मधूनच तुटलेला दिसतो, धक्क्यावर समोरून येणाऱ्याचा चेहरा आवाज ऐकल्याशिवाय ओळखता येत नाही, असे रुग्ण सांगत राहतात. दवाखान्याच्या कागदावर मात्र ६/९ किंवा ६/१२ असा बऱ्यापैकी आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे ‘तपासणी बरोबर असेल तर दिसत का नाही’, हा प्रश्न रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय पुन्हा पुन्हा विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर असे, की नजर ही एका आकड्यात मावणारी गोष्ट नाही. वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासात, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘एएमडी’ म्हणतात त्या आजारात, दृष्टीचे निरनिराळे गुण निरनिराळ्या वेळी घटतात आणि प्रत्येक चाचणी त्यांपैकी एकाच गुणाविषयी बोलते. म्हणून सगळ्या चाचण्या करून घेण्यापेक्षा आपल्यापुढे कोणता निर्णय आहे ते ओळखून त्या निर्णयाला लागणारी चाचणी मागणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढील मार्गदर्शन त्याच हेतूने, निर्णयांच्या क्रमाने मांडले आहे.

आजाराविषयी आवश्यक तेवढे

डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी असलेला काही मिलिमीटरचा भाग म्हणजे मॅक्युला होय. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक कामे याच भागावर अवलंबून असतात. वाढत्या वयात या भागाखाली पिवळसर साका साचू लागतो आणि त्यातून आजाराचे दोन प्रकार उद्भवतात.

- कोरडा प्रकार : पडद्याच्या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे विरत जातात, नजर संथपणे घटते.
- ओला प्रकार : पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून त्यांतून द्रव किंवा रक्त झिरपते, नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत घसरू शकते, मात्र यावर डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचा उपचार उपलब्ध आहे.

कोरड्या प्रकाराचे रूपांतर ओल्या प्रकारात कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते, आणि तसे झाल्यास उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी नजर वाचते. या आजारात बाजूची नजर बहुतेक वेळा शाबूत राहते, म्हणून संपूर्ण अंधत्वाची भीती बाळगण्याचे सहसा कारण नसते. परंतु बाजूची नजर चांगली असल्यामुळे माणूस घरभर सहज वावरतो आणि त्याच्या तक्रारीकडे घरच्यांचे दुर्लक्ष होते, ही दुसरी बाजूही लक्षात ठेवावी.

पहिला निर्णय : तातडीने जावे की नाही

यासाठी लागणारी चाचणी घरीच करता येते. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क अॅम्सलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आणलेली चौकटींची जाळी, म्हणजे ‘अॅम्सलर ग्रिड’, हे त्याचे साधन आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या चौरसात ५ मिलिमीटरचे चौकोन आखलेले असतात आणि मध्यभागी एक ठिपका असतो. नेत्रतज्ज्ञाकडे हा कागद मागावा, तो सहसा विनामूल्य मिळतो. चाचणीची रीत अशी :

1. वाचण्याचा चष्मा असल्यास तो लावावा आणि भरपूर, परंतु कागदावर चमक न येणाऱ्या उजेडात बसावे.
2. कागद डोळ्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर-दीड वीत अंतरावर धरावा.
3. एक डोळा तळहाताने न दाबता पूर्ण झाकावा.
4. उघड्या डोळ्याने फक्त मधल्या ठिपक्याकडे पाहत राहावे आणि नजर न हलवता भोवतालच्या रेषांकडे लक्ष द्यावे.
5. रेषा वाकड्या, नागमोडी किंवा तुटलेल्या दिसतात का, एखादा भाग पुसट किंवा काळा दिसतो का, ठिपकाच नाहीसा होतो का, हे पाहावे.
6. तसे दिसल्यास कागदावर त्या जागी पेन्सिलीने खूण करून तारीख आणि डोळा, उजवा की डावा, लिहून ठेवावा.
7. मग दुसऱ्या डोळ्याने हेच करावे.

एका वेळी एकच डोळा तपासणे हा या चाचणीचा प्राण आहे, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची उणीव झाकून टाकतो आणि आजार अनेक महिने ध्यानातच येत नाही. आठवड्यातून किमान एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी ही चाचणी करावी. कागद हाताशी नसल्यास खिडकीचे उभे गज, दाराची चौकट किंवा बोंबील वाळवण्यासाठी बांधलेल्या वलांडीचा ताठ बांबू एकेका डोळ्याने पाहिला, तरी सरळ रेषा वाकते आहे का हे कळते. मात्र या चाचणीलाही मर्यादा आहे : मेंदू रेषांमधील तुटलेला भाग स्वतःच भरून काढतो, त्यामुळे जाळी ठीक दिसणे म्हणजे आजार नाही किंवा वाढलेला नाही, असा निष्कर्ष काढू नये. ठरलेली वैद्यकीय तपासणी चुकवण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

थांबू नये अशी लक्षणे

- सरळ रेषा नव्याने वाकडी दिसू लागणे, किंवा पूर्वीचा वाकडेपणा वाढणे
- एका डोळ्यासमोर मध्यभागी नवा काळा किंवा करडा डाग येणे
- वाचन काही दिवसांतच अवघड होणे
- इंजेक्शन घेतल्यानंतरच्या दिवसांत डोळा दुखणे, लाल होणे, उजेड सहन न होणे किंवा नजर कमी होणे

पहिल्या तीन लक्षणांत त्याच आठवड्यात पडद्याच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रेटिना तज्ज्ञाकडे जावे; चौथ्या लक्षणात जंतुसंसर्गाची शक्यता असल्याने त्याच दिवशी इंजेक्शन दिलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा.

दुसरा निर्णय : उपचार सुरू करणे, चालू ठेवणे की अंतर वाढवणे

या निर्णयासाठी दोन प्रकारची माहिती एकत्र पाहिली जाते, आणि रुग्णांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. ओसीटी नावाच्या यंत्राने पडद्याच्या थरांचे चित्र मिळते. त्यातून सूज किंवा द्रव आहे की नाही हे कळते, परंतु माणसाला किती दिसते हे त्या चित्रावरून कळत नाही. उलट फलकावरील अक्षरे वाचून घेतली की किती दिसते ते कळते, पण पडद्याखाली काय चालले आहे ते समजत नाही. म्हणून ‘ओसीटी झाला, आता अक्षरे कशाला’ किंवा ‘अक्षरे वाचता येतात, मग ओसीटीचा खर्च कशाला’, हे दोन्ही युक्तिवाद चुकीचे आहेत.

दूरची नजर : ६/१८ म्हणजे काय

नेदरलँड्सचे हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या फलकाची पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. निरोगी डोळा जी ओळ १८ मीटरवरून वाचतो ती रुग्णाला ६ मीटरवर आल्यावर वाचता येत असेल, तर नजर ६/१८ अशी लिहिली जाते. म्हणजे खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. या फलकात वरच्या ओळीत एकच अक्षर आणि खाली अनेक अक्षरे असल्याने दोन ओळींमधील फरक सारखा नसतो, आणि कमी नजर असलेल्या माणसाची मोजणी वरच्या टोकाला ढोबळ होते. म्हणून पडद्याच्या आजारात, विशेषतः इंजेक्शने चालू असताना, प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असलेला ‘ईटीडीआरएस’ फलक अधिक विश्वासार्ह मानला जातो. त्यात वाचलेले प्रत्येक अक्षर मोजले जाते. १५ अक्षरांचा, म्हणजे तीन ओळींचा फरक पडला तर दिसणाऱ्या किमान अक्षराचा आकार दुपटीने बदलला, असा त्याचा अर्थ होतो. दोन-तीन अक्षरांचा चढउतार मात्र थकवा, उजेड आणि सवय यांमुळेही होतो, म्हणून तेवढ्यावरून उपचार लागू पडला नाही असे ठरवू नये.

तपासताना पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

- इंग्रजी अक्षरे येत नसल्यास संकोच न करता देवनागरी अक्षरांचा, आकड्यांचा किंवा ‘ई’ कोणत्या बाजूला उघडी आहे हे हाताने दाखवण्याचा फलक मागावा. अक्षरओळख नसणे आणि न दिसणे यांची गल्लत झाल्यास नोंदच चुकीची होते.
- मध्यभागी डाग असलेल्या रुग्णाला अक्षर ‘शोधावे’ लागते. मान किंवा डोळा किंचित वळवून पाहण्याची मुभा आणि पुरेसा वेळ मागावा. झाकलेल्या डोळ्याने मात्र पाहू नये.
- बारीक छिद्राच्या झाकणातून पाहायला सांगितल्यावर नजर सुधारली तर नंबरचा दोष शिल्लक आहे, आणि सुधारली नाही किंवा अधिक खराब झाली तर दोष पडद्यात असण्याची शक्यता अधिक, असा साधारण संकेत मिळतो.
- सर्वांत मोठे अक्षरही वाचता आले नाही तर लगेच ‘बोटे मोजा’ असे न करता फलकाचे अंतर कमी करून मोजणी व्हावी, कारण ३/६० आणि ‘बोटे मोजता येतात’ यांतील फरक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.
- दर वेळी तोच फलक, तेच अंतर आणि तोच चष्मा असावा. अन्यथा दोन भेटींची तुलना करता येत नाही.

इंजेक्शने घेताना काय विचारावे

ओल्या प्रकारात बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात. सुरुवातीला सहसा महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शने देऊन पुढे प्रतिसादानुसार अंतर वाढवले जाते. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध असून डोळ्यासाठी ते लहान मात्रेत विभागून दिले जाते, त्यामुळे त्याचा खर्च बराच कमी येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक चाचणीत नजर टिकवण्याच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचे आढळले होते. म्हणून खर्च परवडत नसल्यास उपचार सोडून देण्यापूर्वी औषधाच्या पर्यायाविषयी आणि ते निर्जंतुक पद्धतीने विभागले जाते का याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. नजर वाढली नाही, पण घटलीही नाही, हेदेखील या उपचाराचे यशच असते; दोन इंजेक्शनांनंतर ‘फरक नाही’ म्हणून तिसरे चुकवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

तिसरा निर्णय : घरात आणि कामात काय बदलावे

फलकावरील काळी अक्षरे पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर असतात, तर जगणे बहुतांशी करड्यावर करडे असते. पाटीतला जवळा निवडणे, ओल्या फरशीवर सांडलेले पाणी ओळखणे, संध्याकाळी धक्क्याच्या पायरीची कड पाहणे, पांढऱ्या ताटातील भात चाचपणे, नायलॉनच्या जाळ्यात तुटलेला धागा शोधणे, या सर्वांत अक्षराच्या आकारापेक्षा वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्यातील छटांचा फरक ओळखण्याची क्षमता लागते, तिला कॉन्ट्रास्ट असे म्हणतात. ६/९ नजर असूनही ‘दिसत नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या तक्रारीचा उगम अनेकदा इथेच सापडतो. पुढील चार चाचण्या म्हणूनच विचारून करून घेण्यासारख्या आहेत.

- कॉन्ट्रास्टची चाचणी : १९८८ मध्ये तयार झालेल्या पेली-रॉबसन फलकात सगळी अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असतात आणि तीन-तीन अक्षरांच्या गटाने त्यांचा काळेपणा फिका होत जातो. रुग्ण १ मीटरवरून वाचतो. गुण १.५ च्या खाली गेल्यास कॉन्ट्रास्ट घटला आहे आणि १ च्या खाली गेल्यास रोजच्या कामांत अडचण येणार, असे ढोबळमानाने समजले जाते.
- वाचनाचा वेग : निरनिराळ्या आकारांत छापलेली वाक्ये मोठ्याने वाचून घेतली जातात. सर्वांत लहान अक्षर कोणते वाचता आले, यापेक्षा कोणत्या आकारापर्यंत वाचन न अडखळता होते, हे अधिक महत्त्वाचे. कारण भिंग किती शक्तीचे द्यावे हे त्यावरून ठरते. वाक्ये मराठीत असावीत, असा आग्रह धरावा.
- मंद उजेडातील नजर : डोळ्यासमोर गडद काच धरून तोच फलक पुन्हा वाचून घेतला जातो. भरपूर आणि मंद उजेडातील वाचनात जितका जास्त फरक, तितकी पुढे नजर घटण्याची शक्यता जास्त, असे कोरड्या प्रकाराच्या प्रगत टप्प्यावरील अभ्यासांत दिसून आले आहे. पहाटे अंधारात होडीकडे जाणाऱ्या किंवा संध्याकाळी दुचाकी चालवणाऱ्या रुग्णाने ही चाचणी अवश्य मागावी.
- प्रखर उजेडानंतर सावरण्याचा काळ : डोळ्यावर काही सेकंद प्रकाश टाकून पुन्हा अक्षर वाचता येण्यास किती वेळ लागतो ते मोजतात. मॅक्युलाच्या आजारात हा काळ लांबतो. किनाऱ्यावरच्या उन्हातून घरात शिरल्यावर बराच वेळ काही न दिसणे हे त्याचेच रूप होय.

यांखेरीज मोठ्या रेटिना केंद्रांत ‘मायक्रोपेरिमेट्री’ नावाची चाचणी होते. तीत पडद्याच्या निरनिराळ्या बिंदूंवर प्रकाशाचे ठिपके टाकून कोणता भाग अजून पाहतो आहे आणि रुग्ण नजर रोखण्यासाठी कोणता भाग वापरतो आहे, याचा नकाशा काढला जातो. मध्य गेला असला तरी कडेचा एखादा निरोगी भाग हेरून त्याने वाचण्याचा सराव करता येतो, आणि त्या सरावासाठी हा नकाशा उपयोगी पडतो. प्रत्येक रुग्णाला तिची गरज नसते.

निकालावरून करावयाचे बदल

1. कॉन्ट्रास्ट कमी असल्यास पायऱ्यांच्या कडांना पिवळा किंवा पांढरा पट्टा रंगवावा, भातासाठी गडद ताट आणि कापण्यासाठी गडद व फिकट असे दोन पाट ठेवावेत, दिवा डोळ्यांवर नव्हे तर कामावर पडेल असा बसवावा.
2. वाचनाचा वेग कमी असल्यास मोजून दिलेले भिंग घ्यावे. बाजारातून अंदाजाने आणलेले मोठे भिंग बहुधा पडून राहते. मोबाइलचा कॅमेरा, मोठी अक्षरे आणि मजकूर मराठीत वाचून दाखवणारी सोय यांचाही वापर करावा.
3. मंद उजेडातील नजर घटली असल्यास अंधारात एकट्याने होडीवर चढणे आणि रात्री दुचाकी चालवणे बंद करावे.
4. औषधांच्या पाकिटांवर जाड काळ्या पेनाने मोठी खूण करावी. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही खबरदारी विशेष गरजेची आहे.

यासाठी ‘लो व्हिजन क्लिनिक’, म्हणजे कमी नजरेसाठी साधने व सराव देणारा विभाग, कुठे आहे हे रेटिना तज्ज्ञाला विचारावे. मुंबईत वरळीला मुख्यालय असलेल्या, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांकडेही पुनर्वसनाविषयी चौकशी करता येते.

तपासणीच्या दिवसाची तयारी

पाचूबंदरहून पहिल्या तपासणीसाठी वसईतील महापालिकेच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारून घ्यावे. पुढील तपासणीसाठी वसई रोडहून पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरून नायर रुग्णालय किंवा प्रभादेवीला उतरून परळचे केईएम रुग्णालय गाठता येते; भायखळ्याजवळचे जे. जे. रुग्णालय हा तिसरा सार्वजनिक पर्याय आहे. पडद्याच्या आजारांची बाह्यरुग्ण सेवा बहुधा ठरावीक वारी असते, म्हणून निघण्यापूर्वी फोनवर खात्री करावी.

- सोबत एक जाणते माणूस असावे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे अंधूक दिसते. त्या दिवशी वाहन चालवू नये, टोपी आणि काळा चष्मा न्यावा.
- अक्षरांची आणि कॉन्ट्रास्टची चाचणी थेंब घालण्यापूर्वी होते ना, याकडे लक्ष द्यावे.
- दूरचा आणि जवळचा असे दोन्ही चष्मे, जुने सर्व कागद, ओसीटीच्या प्रती, चालू गोळ्यांची यादी आणि खुणा केलेला अॅम्सलरचा कागद बरोबर घ्यावा.
- ‘दिसत नाही’ असे मोघम न सांगता काय दिसत नाही, कोणत्या उजेडात आणि कधीपासून, हे तीन मुद्दे लिहून न्यावेत.
- मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास ‘मॅक्युला तपासला का आणि शस्त्रक्रियेनंतर किती नजर मिळण्याची अपेक्षा आहे’, हे आधीच विचारावे.

नेहमी होणाऱ्या चुका

- नजर सुधारावी म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे : अमेरिकेतील एरेड्स-२ या २०१३ मध्ये निष्कर्ष आलेल्या अभ्यासाशी जोडले गेलेले क, ई, जस्त, तांबे, ल्युटिन आणि झियाझँथिन यांचे मिश्रण मध्यम टप्प्यातील आजार पुढे सरकण्याची शक्यता कमी करते, गेलेली नजर ते परत आणत नाही आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. बीडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढलेल्यांनी बीटा-कॅरोटिन असलेल्या गोळ्या टाळाव्यात.
- माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विकत घेणे : त्याच अभ्यासात ओमेगा-३ च्या कॅप्सूलचा अतिरिक्त लाभ दिसला नाही. ताटात बांगडा किंवा तारली असणे चांगलेच, त्यासाठी कॅप्सूलवर खर्च करण्याची गरज नाही.
- धूम्रपान चालू ठेवणे : वय आणि आनुवंशिकता माणसाच्या हातात नसतात, हातात असलेल्या कारणांपैकी धूम्रपान हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण आहे.
- नसलेल्या गोष्टी दिसतात हे लपवणे : नजर बरीच घटल्यावर काहींना माणसे, फुले, नक्षी अशी चित्रे दिसू लागतात आणि ती खरी नाहीत हे त्यांना ठाऊक असते. अठराव्या शतकातील शार्ल बोने यांच्या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था नजरेच्या उणिवेमुळे येते; ती वेड नव्हे किंवा बाहेरची बाधाही नव्हे, म्हणून ती डॉक्टरांना निःसंकोच सांगावी.

चौथा निर्णय : प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा का

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावे लागते. दृष्टीचे टक्के ठरवताना चष्मा लावून, दोन्ही डोळ्यांची नजर आणि दृष्टिक्षेत्र पाहिले जाते, आणि चांगल्या डोळ्याला निर्णायक महत्त्व असते. केंद्र सरकारच्या मूल्यमापन मार्गदर्शिकेप्रमाणे नजरेचे ढोबळ टप्पे असे :

- चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ किंवा त्याहून चांगली आणि दुसरा डोळा जवळजवळ निकामी : ३० टक्के
- दोन्ही डोळ्यांची नजर ६/२४ ते ६/६० : ४० टक्के
- चांगला डोळा ६/२४ ते ६/६० आणि दुसरा ३/६० पेक्षाही कमी : ६० टक्के
- दोन्ही डोळे ६/६० पेक्षा कमी ते ३/६० : ७० टक्के
- चांगल्या डोळ्याचीही नजर ३/६० पेक्षा कमी : ९० टक्के किंवा अधिक

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एका डोळ्याची मधली नजर पूर्ण गेली तरी दुसरा चांगला असल्यास ४० टक्क्यांची मर्यादा गाठली जात नाही. आणि कॉन्ट्रास्ट किंवा वाचनाचा वेग कितीही घटला तरी या मोजणीत त्याला स्थान नाही. ही मोजणीतील खरी उणीव आहे, परंतु अर्ज करताना ती गृहीत धरूनच चालावे लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करता येतो. तेथे आधार, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. उपचार चालू असून नजर बदलत असल्यास तात्पुरते प्रमाणपत्र मिळू शकते. दिलेले टक्के मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते.

प्रमाणपत्र असो वा नसो, हे हक्क आहेत

- तपासणीच्या नोंदी आणि अहवाल मागितल्यास ते ७२ तासांत देणे वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ओसीटीची केवळ छापील प्रत नव्हे, तर नजरेचे आकडे लिहिलेला कागदही मागावा.
- दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा, खर्च आधी जाणून घेण्याचा आणि उपचाराचे पर्याय समजून घेऊन संमती देण्याचा हक्क रुग्णाला आहे.
- ७० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वयवंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही लागू होऊ शकते. डोळ्यातील इंजेक्शन त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.
- नजर कमी आहे या कारणावरून बँकेला धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड किंवा लॉकर नाकारता येत नाही; ७० वर्षांवरील ग्राहकांना आणि दृष्टिबाधितांना मूलभूत सेवा घरपोच देण्याची व्यवस्था करण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०१७ पासून आहेत.
- मतदानयंत्रावरील चिन्ह ओळखता येत नसल्यास १८ वर्षांवरील सोबती बरोबर नेण्याची परवानगी मतदान केंद्राध्यक्षाकडे मागता येते.

एका पानाची नोंद

प्रत्येक भेटीनंतर वहीच्या एकाच पानावर तारीख, उजव्या आणि डाव्या डोळ्याची चष्म्यासह नजर, वापरलेला फलक, कॉन्ट्रास्टचे गुण, ओसीटीत द्रव आहे की नाही आणि इंजेक्शनचे नाव अशा सहा नोंदी कराव्यात. डॉक्टर बदलले, रुग्णालय बदलले किंवा वर्ष-दोन वर्षांनी प्रमाणपत्राचा प्रश्न आला, तर हे पान कोणत्याही जाड फाइलपेक्षा लवकर उपयोगी पडते.

पुढच्या भेटीत ‘डोळे कसे आहेत’ असे विचारू नये. ‘आजार वाढला आहे का, इंजेक्शन लागेल का, आणि जे काम जमत नाही त्यासाठी कोणती चाचणी करावी’, असे तीन वेगळे प्रश्न विचारून प्रत्येकाचे उत्तर लिहून घ्यावे. आणि घरात साठी ओलांडलेले कोणी असेल, तर नेत्रशिबिराची वाट न पाहता आजच एक डोळा झाकून त्यांना समोरच्या दाराची चौकट पाहायला सांगावी, मग दुसरा. चौकट वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात रेटिना तज्ज्ञाकडे न्यावे.